मोहोळकरांचे महिन्याचे दीड हजार

सात घोड्यांच्या रथातून रोज न चुकता येणाऱ्या, आणि आमच्या पुनावळ्याच्या उंच इमारतींमुळे आम्हांला मात्र थोडा उशिराच दिसणाऱ्या सूर्यनारायणाला प्रथम वंदन असो. त्या रथाला योजनेमागे किती दाणावैरण लागते, हे आजवर एकाही ऋषीने विचारलेले नाही. आमच्या सोसायटीतील दिगंबरराव मोहोळकरांनी ते मला विचारले आहे. तेही रथसप्तमीच्या सकाळी, मी अर्घ्य देत असताना.

"घोडे सात आणि चाक एकच?" ते क्षणभर विचारात पडले. "टायरचा खर्च वाचतोय गुरुजी, पण खुराक परवडत नसणार बघा."

निमित्त नुकत्याच झालेल्या विजयादशमीचे. त्या दिवशी मोहोळकरांच्या विजेवर चालणाऱ्या गाडीची पूजा मी तिसऱ्यांदा सांगितली. घरी येऊन पाय चेपीत बसलो, आणि वाटले की या गृहस्थाविषयी काही लिहून ठेवावे. वय झाले, थकवा लवकर येतो. मात्र गेल्या चार महिन्यांत मला जो थकवा आला आहे, त्यातील निम्मा मोहोळकरांनी दिलेला आहे.

महिन्याची पंचवीस तारीख उलटली की मोहोळकर सोसायटीच्या फाटकापाशी दिसू लागतात. शेजारी त्यांची पांढरी गाडी. ती चालू आहे की बंद हे कळण्यास मार्ग नाही, कारण तिला आवाज नाही. तिचे डावीकडचे दार उघडे आणि मोहोळकर लग्नघरच्या यजमानासारखे हात जोडून उभे.

"बसा की ओ गुरुजी."

"कोठे निघालात?"

"तुम्ही म्हणाल तिथं. आधी बसा, कुठं जायचं ते मागनं ठरवू."

मी बापडा दुधाची पिशवी आणायला खाली उतरलेला असतो. नाही म्हणावे तर ते इतके हिरमुसतात की पाहवत नाही. मग मी बसतो, आणि दूध आणायला निघालेला मी देहूला पोहोचतो. देवदर्शनाचा कंटाळा आला, असे शब्द या तोंडातून निघू नयेत. पण एकाच आठवड्यात तिसऱ्यांदा इंद्रायणीच्या घाटावर उभा राहिलो, तेव्हा हार विकणाऱ्या बाईने काळजीने विचारले, "बाबा, लई मोठा नवस हाय का ओ?" नवस माझा नव्हता, तो गाडीचा होता, हे तिला कसे सांगावे?

मी एकटाच या तीर्थयात्रेत सापडलो असे नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या देशमुखबाई कोथिंबीर आणायला निघाल्या होत्या. त्यांना मोहोळकरांनी थेट तळेगावच्या बाजारात नेले, कारण तिथली जुडी मोठी असते. परत येईपर्यंत कोथिंबिरीने मान टाकली होती, आणि देशमुखबाईंनीही.

या सर्व धावपळीच्या मुळाशी एक आकडा आहे. मोहोळकरांची गाडी दर महिन्याला दीड हजार किलोमीटर धावलीच पाहिजे. न धावली तर मोहोळकर हरले. कोणाशी आणि कसे, ते सांगतो.

मोहोळकर मूळचे सोलापूरकडचे. तरुणपणी इकडे आले आणि चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कंपनीत पस्तीस वर्षे 'कॉस्टिंग'ला होते. एक साधा नट तयार व्हायला किती खर्च येतो, हे शेवटच्या पैशापर्यंत सांगणे, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर नट सुटले, सवय सुटली नाही. जगातील यच्चयावत वस्तूंना ते एकच प्रश्न विचारतात, "किलोमीटरला किती पडलं?"

मी नव्या चपला घेतल्या, तेव्हा त्यांनी त्या हातात घेऊन तळवे दाबून पाहिले आणि मला विचारले, "किलोमीटरला किती पडतील?" धोतरजोडी घेतली, तेव्हा मात्र स्वतःच उत्तर दिले. "धोतराचं रनिंग फार नाही तुमचं. बसून काम. तुम्हांला महागातलं परवडतं."

एकदा त्यांच्या घरी चहाला गेलो असता त्यांनी स्वतःच्या विवाहाचाही ताळेबंद मांडला. "लग्नात सुरुवातीचा खर्च झाला गुरुजी, पण नंतर देखभाल अगदी कमी."

स्वयंपाकघरातून सुमनवहिनींचा आवाज आला, "कमी लागली नाही, कमी केलीत! दोन्हींत फरक आहे."

"आवाज मात्र आहे," मोहोळकर माझ्या कानाशी लागले. "पेट्रोलच्या गाडीसारखा."

अशा मनुष्याने नवी गाडी घ्यायचे मनात आणले, तेव्हा काय झाले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. त्यांच्याकडे एक जुनी पेट्रोलची गाडी होती. ती काढून पेट्रोलचीच नवी घ्यावी की विजेची, हा विचार जवळजवळ एक वर्ष चालला, आणि तो त्यांनी एकट्याने केला नाही. सायंकाळी फाटकाजवळच्या कट्ट्यावर जो सापडेल त्याला त्यात ओढले. मी संध्यावंदन आटोपून पाय मोकळे करायला खाली येत असे. पाय मोकळे होत, डोके जड होई.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. पेट्रोलची गाडी घेताना स्वस्त, पण मग ती जन्मभर हात पसरते. विजेची गाडी घेताना कंबर मोडते, पण एकदा घरात आली की मीठभाकरीवर राहते. तिला तेल बदलावे लागत नाही, गाळण्या नाहीत, यंत्राची कुरकुर नाही. उलट बाजूला तिचा विमा महाग, ती वजनाने जड म्हणून टायर लवकर झिजणार, आठ-दहा वर्षांनी बॅटरीचे काय होईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, आणि मध्येच विकायला काढली तर गिऱ्हाईक भाव पाडून मागते. शिवाय तळघरात चार्जर बसवायला सोसायटीची परवानगी. ती परवानगी मिळविताना समितीच्या चार सभा झाल्या. त्या चारही सभांना मी ज्येष्ठ सभासद म्हणून बसलो होतो. त्या खर्चाचा रकाना मोहोळकरांच्या तक्त्यात नाही.

"सगळ्याचं सार एकच बघा," ते शेवटी म्हणत. "ही गाडी उभी राहिली तर श्रीमंताची, धावली तर गरिबाची. महिन्याला दीड हजार धावली, तर पेट्रोलला मागं टाकते. त्याच्या खाली आली, की पेट्रोल जिंकलं."

त्यांना खराखुरा प्रतिपक्षी कट्ट्यावर एकच होता, तो म्हणजे बापू. बापू मूळ गावचे. आज आमची सोसायटी उभी आहे तेथे त्यांच्या वडिलांचे ज्वारीचे रान होते. जमीन गेली, मोबदल्यात फ्लॅट आले, पण बापूंच्या बोलण्यात रान अजून आहे.

"आरं दिगंबर, गाडी हाय का मांजर ती?" बापू म्हणत. "बैल असला तरी डुरकतो, तवा कळतं जित्ता हाय म्हून. आन् ह्ये तुमचं, फोनावानी रात्रभर भिंतीला लटकावून ठिवायचं! आमी दोन मिन्टांत टाकी भरून घाट चढतो."

"घाट चढता ओ, पण किलोमीटरला किती पडलं?"

"आमी किलोमीटर खात न्हाई, भाकरी खातो."

अखेर दोघांनी एकाच दसऱ्याला गाड्या घेतल्या. मोहोळकरांनी विजेची आणि बापूंनी पेट्रोलची. पैज अशी ठरली की दरवर्षी दसऱ्याला, पूजेआधी, चारचौघांत दोन्ही गाड्यांचा हिशेब व्हायचा. हरेल त्याने समोरच्याला म्हणायचे, "तुमची गाडी शहाणी, आम्ही येडे." पैशांची पैज नव्हती. पण पस्तीस वर्षे ज्याने दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, त्या माणसाला हे वाक्य उच्चारायला लावणे म्हणजे काय, हे मोहोळकर जाणत होते, आणि बापू त्याहून चांगले जाणत होते.

पहिल्या पूजेच्या वेळी जे घडले ते मी विसरणार नाही. मी डोळे मिटून मंत्र म्हणत होतो. इतक्यात सुमनवहिनींनी बापूंच्या सूनबाईंना त्यांच्या गाडीच्या पेट्रोलच्या झाकणावर कुंकू लावताना पाहिले. वाहनाच्या मुखाला हळदकुंकू आणि तोंडात गोड, ही रीत त्यांना पटली. त्यांनी आपल्या गाडीचे मुख शोधले. चार्जिंगचे झाकण उघडून आत कुंकू, अक्षता आणि चिमूटभर साखर घातली, आणि ते नमस्कार करून बंद केले. दुसऱ्या दिवशी गाडी चार्ज होईना. कंपनीचा माणूस आला, झाकण उघडले, तर आतून मुंग्यांची रांग निघाली.

तो माणूस बिचारा गोंधळला. "सर, यात अन्न कुणी घातलं?"

"नैवेद्य आहे तो," वहिनी ठामपणे म्हणाल्या.

बापू आठ दिवस हसत होते. "दिगंबर, तुझ्या गाडीनं पयल्या दिवशी किती लोकं वाहिली ते बी मांड की. मुंग्या धरून." मोहोळकरांनी खरोखरच तो खर्च मांडला. कॉस्टिंगच्या माणसाला मुंगीही वगळता येत नाही.

पहिले वर्ष मोहोळकरांनी जिंकले. दीड हजारांची सरासरी पुरी भरली. ते रोज दुपारी जेवून गाडी बाहेर काढीत आणि दिवेलागणीला परत येत. त्यांची लेक आणि जावई तेव्हा चाकणला नोकरीला होती. दोघे कंपनीतच, कधी ही शिफ्ट, कधी ती. मोहोळकर तिकडे नातीला पाहायला जातात, एवढे आम्हांला ठाऊक होते. त्या दसऱ्याला बापूंनी फाटकापाशी उभे राहून, मिशीवर हात फिरवून, ते वाक्य म्हणून टाकले. मोहोळकरांचा चेहरा असा उजळला, की मला वाटले आता माझ्या कानांना थोडी विश्रांती मिळेल.

पण या जूनमध्ये लेक-जावयाची बदली झाली. कंपनीने दक्षिणेत नवा कारखाना काढला होता, आणि ती दोघे नातीला घेऊन चेन्नईला गेली. जुलैपासून मोहोळकर महिनाअखेर फाटकाशी उभे राहू लागले.

सुमनवहिनींचे मत स्पष्ट होते. "विका ती गाडी. दोन म्हाताऱ्यांना रिक्षा पुरते."

"आत्ता विकली तर मातीमोलानं जाईल," मोहोळकर म्हणत. "हिशेबात बसत नाही."

"आणि या गुरुजींना दमवणं बसतं का हिशेबात? बघा, कसे झालेत ते!"

वहिनींनी माझी बाजू घेतली याचे मला समाधान वाटले.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. आश्विनातले ऊन, दुपारची वेळ. एका घरचे कुलधर्माचे काम आटोपून मी परतत होतो. पोटात जेवण जड झाले होते, आणि मनात एकच इच्छा होती, ती म्हणजे आडवे होण्याची. फाटकाशी दार उघडेच होते.

"आज देहू नको, मोहोळकर," मी आधीच सांगून टाकले. "देवालाही विश्रांती हवी."

"देहू नाही गुरुजी. चाकण. बसा, मागच्या सीटवर टेकून झोपा. मी बोलायला लावणार नाही."

त्यांनी मला बोलायला लावले नाही हे खरे, पण झोप लागेल असा तो रस्ता नाही. मोशीच्या पुढे वाहने थांबली ती थांबलीच. पुढे कंपन्यांच्या बसगाड्या, मागे नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेला लांबलचक ट्रेलर, बाजूला कांद्याने भरलेला ट्रक. मोहोळकर प्रथम प्रसन्न झाले.

"आपली गाडी उभ्या उभ्या काही खात नाही बघा. हे पेट्रोलवाले नुसते जळतायत." मग थोड्या वेळाने त्यांचा चेहरा उतरला. "पण रनिंगही पडत नाही ओ."

कांद्याचा वास आला तशा त्यांनी घाईने काचा वर केल्या. मागच्या आसनावरची काच नीट लागली आहे ना, हे त्यांनी दोनदा वळून पाहिले. मागे माझी पिशवी आणि मी, याखेरीज कोणी नव्हते.

चाकणला त्यांनी गाडी एका इमारतीच्या फाटकाशी नेली. तेथील पहारेकरीण बाईने काही न विचारता दांडा वर केला.

"आलात का बाबा! पोरगी कवा येनार?"

"दिवाळीला म्हणतायत."

"मागल्या येळेस बी तेच म्हनलात की."

"दिवाळी अजून यायचीय ना बाई."

त्यांनी गाडी कडुलिंबाच्या सावलीत लावली, पण ते उतरले नाहीत. मीही बसून राहिलो. काही वेळाने शाळेची पिवळी गाडी आली. पाठीवर दप्तरे घेतलेली मुले एकेक करून खाली उतरली, घ्यायला आलेल्या आयांची बोटे धरून जिन्याकडे निघून गेली. गाडी रिकामी झाली आणि वळून निघाली. मोहोळकर ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होते. मग त्यांनीही आपली गाडी वळवली.

"झाले काम?" मी विचारले.

"झालं की. जाऊन येऊन पन्नास बसतं."

गाडी पुन्हा महामार्गाला लागली. मग त्यांनीच सुरुवात केली. समोर पाहत, जणू रस्त्याला सांगत होते.

"गुरुजी, दीड हजार हा आकडा कुठनं आला, हे मला आजवर कुणी विचारलं नाही बघा. बापू एवढे हुशार, त्यांनी पण नाही."

"मग मी विचारतो. कोठून आला?"

"नातीला, ओवीला, शाळेच्या गाडीतनं उतरवून घ्यायचं. पोळीभाजी भरवायची. आईबाप शिफ्टवरनं येईपर्यंत तिच्याजवळ बसायचं, नाहीतर तिला आमच्याकडं घेऊन यायचं. रोजचे पन्नास. शाळेचे दिवस धरले."

"पण त्याला जुनी गाडी होतीच की तुमच्याकडे."

मोहोळकरांनी एका बसगाडीला पुढे जाऊ दिले. मग दुसरीलाही जाऊ दिले.

"जुन्या गाडीत ती ओकायची. पेट्रोलचा वास आला, की चेहरा असा पांढराफटक. मोशीपर्यंत टिकायची नाही. एकदा माझ्या अंगावरच झालं सगळं. तर रडत रडत मला म्हणती, 'आजोबा, सॉरी.' मला ओ! चार वर्षांचं पोर, सॉरी म्हणती."

पुढची वाहने हलली, तशी त्यांनी गाडी पुढे घेतली.

"मग एका रविवारी तिला घेऊन विजेची गाडी बघायला गेलो. शोरूमवाल्यांनी चालवून बघायला दिली. तिला मागं बसवली, हिंजवडीपर्यंत जाऊन आलो. मी आरशात सारखा तिचं तोंडच बघत होतो. काही नाही झालं. उतरली आणि म्हणाली, 'आजोबा, परत एकदा जायचं?' त्याच दिवशी ठरलं."

"आणि तो वर्षभर चाललेला हिशेब? त्या सभा? तो तक्ता?"

"तो नंतरचा. आधी गाडी ठरली, हिशेब मागनं बसवला." त्यांचा आवाज खाली आला. "खरं रनिंग बाराशेच येत होतं गुरुजी. बाराशेला पेट्रोल जिंकत होतं. मी दीड हजार धरलं. पस्तीस वर्षं कंपनीत एका पैशाचं इकडचं तिकडं होऊ दिलं नाही मी. पहिल्या वर्षी वरचे तीनशे सुमनला फिरवून भरून काढले. म्हटलं, आकडा खोटा धरलाय, तर निदान धावून तरी खरा करावा. आता बाराशेच राहिले नाहीत, तर तीनशे कुठनं आणू?"

मी विद्यार्थिदशेत जे शिकलो त्यात आधी व्रत सांगतात आणि फलश्रुती शेवटी. मोहोळकरांनी फलश्रुती आधी लिहिली होती आणि मग तिला शोभेल असे व्रत शोधून ते दोन वर्षे पाळले होते. त्यात दोष काढावा असे मला वाटले नाही. वाटले एवढेच, की मी इतक्या वेळा त्यांच्या शेजारी बसून देहूला गेलो आणि एकदाही नीट विचारले नाही.

दसऱ्याला सकाळी फाटकापाशी सगळे जमले. दोन्ही गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून शेजारी शेजारी उभ्या होत्या. बापू नवा फेटा बांधून आले होते, पूर्ण तयारीत.

"बोल रं दिगंबर. किती पडलं वर्साचं?"

देशमुखबाई मागून हळूच म्हणाल्या, "सांगून टाका ना भरलं म्हणून. कोण वाकून बघतंय!"

मोहोळकरांनी मान हलवली. "नाही भरलं. बरंच कमी पडलं." मग त्यांनी हात जोडले. "बापू, तुमची गाडी शहाणी, आम्ही येडे."

टाळ्या वाजल्या, कोणीतरी शिट्टी घातली. बापूंनी मिशीला पीळ भरायला हात वर नेला, पण मोहोळकरांकडे पाहून तो तसाच खाली आणला.

"मंग आता इकनार का?"

"नाही."

"आरं, ठिवून काय करनार? आत कोंबड्या पाळनार व्हय?"

"असू दे ओ," मोहोळकर म्हणाले. आणि सुमनवहिनी, ज्या चार महिने 'विका, विका' म्हणत होत्या, त्या पुढे होऊन निमूटपणे गाडीची माळ सारखी करू लागल्या.

मी पूजेला बसलो. संकल्पात यजमानाचे नाव आणि गोत्र उच्चारून मग हेतू सांगायचा असतो. मी सवयीने 'दिगंबर' म्हणणार, इतक्यात मोहोळकरांनी माझ्या कोपराला हात लावला.

"गुरुजी, ओवीचं नाव घ्या."

"घेतो. गोत्र?"

मोहोळकर गोंधळले. नात लेकीची, गोत्र जावयाचे. त्यांनी वहिनींकडे पाहिले, वहिनींनी त्यांच्याकडे. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावे, असा आमच्यात संकेत आहे, पण मी तो सांगण्याआधीच वहिनींनी चेन्नईला फोन लावला होता. पडद्यावर एक दात पडलेली चिमुरडी दिसली.

"ओवी, बाबांना विचार, तुमचं गोत्र काय?"

"बाबा झोपलेत. नाइट होती. गोत्र म्हणजे काय, आजी?"

"राहू दे बाळ," मी म्हणालो. "काश्यप पुरे."

"आजोबा, गाडी दाखवा ना!" मोहोळकरांनी फोन हातात घेऊन गाडीभोवती फिरवला. माळ, कुंकू, चाकांखालची लिंबे, सारे दाखवले. "आजोबा, माहितेय? मी आता पेट्रोलच्या बसमध्ये पण ओकत नाही!"

"शाब्बास," मोहोळकर म्हणाले. "शाब्बास गं माझी बाय." आणि उपरण्याच्या टोकाने ते बोनेट पुसू लागले. ते आधीच स्वच्छ होते.

मी संकल्प सांगितला. ओवी नावाच्या कन्येच्या सुखप्रवासासाठी, असा. पूजा झाली, नारळ फुटला. आता गाडी लिंबांवरून पुढे न्यायची होती. मोहोळकरांनी मागचे दार उघडले, फोन आसनावर उशीला टेकवून उभा ठेवला, त्याला पट्टा लावला आणि दार हलकेच लोटले. मग पुढे बसून गाडी काढली.

ती काही आवाज न करता लिंबांवरून गेली, फाटकाबाहेर पडली आणि महामार्गाकडे वळली. बराच वेळ गेला. प्रसाद वाटून झाला, माणसे पांगली, बापू मात्र कट्ट्यावर बसून राहिले होते. अखेर गाडी परत आली. मागच्या आसनावरचा आवाज अजून काही तरी सांगत होता, आणि मोहोळकर हसत होते.

"लई लांब गेला व्हता का रं?" बापूंनी विचारले. "किती झालं?"

मोहोळकरांनी त्यांच्याकडे नवल वाटल्यासारखे पाहिले.

"बघितलं नाही ओ," ते म्हणाले.

वाचकहो, आपल्या दारी वाहन पेट्रोलचे असो, विजेचे असो, वा नुसत्या दोन पायांचे असो, ते आपल्याला प्रिय माणसांपर्यंत नेणारे ठरो. आपल्या उंबऱ्यावरून सकाळी निघालेला प्रत्येक जण दिवेलागणीला सुखरूप घरी येवो, आणि जी लेकरे दूर आहेत त्यांची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्यांना सोबतीला कोणीतरी भेटो. आपणां सर्वांचे आणि आपल्या कुटुंबाचे कल्याण होवो, ही त्या सहस्ररश्मीच्या चरणी या थकल्या ब्राह्मणाची प्रार्थना.